टोरांटोच्या बऱ्याच पश्चिमेला

पहिल्याच दिवशी करंदीकर मला म्हणाले, "आपलं बजेट या वेळी जरा लांबणार असं दिसतंय."

मी समजूतदारपणे मान डोलावली. त्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी, तेव्हा "आपलं" म्हणजे भारताचं असणार, असा माझा साधा हिशेब.

"अर्थमंत्री तसा नवखा नाही," ते पुढे म्हणाले, "पण अल्बर्टावाले त्याला सुखानं जगू देत नाहीत."

भारतात अल्बर्टा कुठे आलं, याचा विचार मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत करत होते. सुट्टीत उलगडा झाला. करंदीकरांचं "आपलं" म्हणजे कॅनडाचं.

वासुदेव करंदीकर मूळचे नाशिकचे. राहायला टोकियोत, एदोगावाला. नोकरी कावासाकीत. आणि त्या नोकरीचा विषय कॅनडाचे कर. मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी मी तिथे लागले. आमची कंपनी कॅनडातल्या आर्थिक सल्लागारांसाठी ईमेलनं एक पत्रक पाठवायची. लोकांची गुंतवणूक, पेन्शन, मृत्युपत्रं असलं सगळं बघणाऱ्या या मंडळींना कोणता कर बदलला, कोणती सवलत गेली, हे रोजच्या रोज कळायला लागतं. मालक टोरांटोत, पण त्यांची संगणकाची कामं करणारी शाखा कावासाकीत होती. तिकडे संध्याकाळ झाली की इकडे सकाळ होते, तेव्हा ते झोपेत असताना आम्ही लिहायचं आणि ते उठले की त्यांच्या कॉफीशेजारी पत्रक हजर, अशी कुणा हुशार माणसाची कल्पना. त्यासाठी एका कोपऱ्यात तीन टेबलं मांडली होती. एका टेबलावर करंदीकर, दुसऱ्यावर तपासणी करणाऱ्या मोरिता-सान आणि तिसऱ्यावर मी.

करंदीकर कॅनडाला कधीही गेले नव्हते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. टोमणा त्यात आपोआप येतो, त्याला माझा इलाज नाही.

पण न जाता त्यांनी तो देश असा आत्मसात केला होता की बोलायची सोय नाही. ऑगस्टमध्ये कावासाकी स्टेशनपासून चालत येताना शर्ट पाठीला चिकटलेला असायचा, आणि रुमालानं मान पुसत हे म्हणायचे, "आपल्याकडे आज हवा उत्तम आहे." प्रांतांबद्दल ते सासरच्या माणसांसारखं बोलत. क्वेबेकचं काय, रुसून बसायची सवयच आहे. ओंटारियो थोरला, म्हणून सगळं त्याच्या अंगावर. न्यू ब्रन्सविक बिचारं गरीब, पण मानी. अर्थमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, तो पहिलं वर्षभर "पोरगा बरा आहे" असायचा आणि नंतर "मी सांगितलं होतं" असा व्हायचा.

जपानमध्ये तेव्हा त्यांना सोळा-सतरा वर्षं झाली असतील. जपानी येत होतं ते "सुमिमासेन" आणि "दाइजोबु" एवढंच. म्हणजे "माफ करा" आणि "ठीक आहे". त्यातला पहिला शब्द ते फक्त हॉटेलात वेटरला बोलवायला वापरत. ऑफिसातल्या लोकांना करंदीकर हे नाव उच्चारायला अवघड, म्हणून त्यांनी त्याचं "कारा-सान" केलं होतं. करंदीकरांना ते लाडाचं वाटायचं. जपानीत "कारा" म्हणजे रिकामं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मला कळलं तोवर सांगण्याची वेळ टळून गेली होती.

वहिनींचं तसं नव्हतं. सुनीतावहिनी सुरुवातीला घराजवळच्या बेंतोच्या दुकानात आरुबाइतो करायच्या, म्हणजे तासावर काम, जेवणाचे डबे भरण्याचं. तिथल्या बायकांबरोबर बोलून बोलून त्यांचं जपानी असं तयार झालं की फोनवर समोरच्याला पत्ता लागायचा नाही. घराचं भाडं, मुलगी ईराची शाळा, दवाखाना, वॉर्ड ऑफिस, सगळं त्याच बघत. कॅनडाच्या आयकर कायद्याची कलमं आकड्यासकट पाठ असलेल्या माणसाचा जपानी आयकराचा अर्ज दर वर्षी बायको भरायची. "ते किरकोळ असतं," करंदीकर म्हणत.

कामात मात्र माणूस पक्का होता, हे मान्य करायला हवं. त्यांचं एक वाक्य मी आजही नव्या लोकांना सांगते. "बजेटचं भाषण जनतेसाठी असतं, परिशिष्ट आपल्यासाठी." भाषणात मंत्री आजी-आजोबांबद्दल, शेतकऱ्यांबद्दल, मुलांच्या भविष्याबद्दल गहिवरून बोलतो. खरा बदल मागच्या जाड परिशिष्टात, तळटीपेत, "या अनुषंगानं" असल्या शब्दामागे दडून बसलेला असतो. तो करंदीकर बरोबर हुडकून काढायचे. नखानं तांदळातला खडा काढावा तसा. आणि मग वर बघून म्हणायचे, "लपतोस कुठे लेका?"

भूकंप तेव्हा सारखे होत. मोठा होऊन गेला होता, पण मागचे धक्के थांबायला तयार नव्हते. एका सकाळी सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले आणि इमारत डुलायला लागली. सगळे टेबलाखाली. मोरिता-साननी मला दंडाला धरून खाली ओढलं. करंदीकर खुर्चीतच, कानाला फोन, पलीकडे टोरांटोचे साहेब, डग. फायली धडाधड पडतायत आणि हे शांतपणे सांगतायत, "नो नो डग, इट्स ओन्ली अर्थक्वेक. यू टेल मी अबाउट द डेंटल बेनिफिट."

या बाणेदारपणाची कथा त्यांनी स्वतःच पुढे पुष्कळ वाढवली. तिचा मूळपुरुष मोठा भूकंप. त्या आठवड्यात जपानमधले कितीतरी परदेशी मिळेल त्या विमानानं निघून गेले. करंदीकर राहिले. "लोक पळाले," ते एदोगावातल्या मराठी मंडळींत सांगत, "मी म्हटलं, आपण नाही हलायचं. आपलं बजेट तोंडावर आलंय. खुर्ची सोडायची नाही." ऐकणाऱ्यांत त्या वेळी पळालेले चारपाच जण असायचेच. ते मान खाली घालायचे आणि बटाटेवड्यात लक्ष घालायचे.

एकदा मी त्यांच्या घरी जेवायला गेले होते. करंदीकरांनी ती कथा मलाही ऐकवली. वहिनी कढी वाढत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "पासपोर्ट नव्हता ना यांच्याकडे."

"अगं, तो मुद्दा नाही," करंदीकर म्हणाले.

"तोच मुद्दा आहे. कॅनडाच्या व्हिसासाठी पाठवला होता. मी आणि ईरा चला म्हणून मागे लागलो होतो, हे चार दिवस फोन करत होते पासपोर्ट परत द्या म्हणून. मिळेना, म्हणून राहिले. घे गं, अजून घे कढी."

"मग व्हिसा मिळाला?" मी विचारलं.

"छे. महिन्यानं पासपोर्ट आला, तसाच. हा माणूस कॅनडातून परत जाईल अशी खात्री वाटत नाही म्हणाले." वहिनींनी पळी पातेल्यात ठेवली. "तेवढं मात्र त्यांनी अचूक ओळखलं."

करंदीकर कढी प्यायले. मग म्हणाले, "त्यांचंही बरोबर आहे. नियम म्हणजे नियम."

जो देश त्यांना पर्यटक म्हणूनही दारात उभं करत नव्हता, त्याची बाजू घेताना त्यांचा आवाज जरासाही कापला नाही. मला हसू येत होतं, ते मी कढीत बुडवलं.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्यापासून लोक जपून असत, कारण कोण कधी कॅनडाला निघालंय याचा त्यांना वास यायचा. साठे म्हणून एक तरुण जोडपं होतं. तो योकोहामाच्या कंपनीत होता, त्याला व्हॅंकूवरला नोकरी लागली होती. त्याच्या बायकोला बिचारीला एवढंच विचारायचं होतं की थंडीचे कपडे इथून न्यावेत की तिथे घ्यावेत. करंदीकरांनी दोघांना आरतीच्या ताटाशेजारी गाठलं.

"कपड्यांचं सोडा. तुमच्या मालमत्तेचं मूल्यांकन झालंय का?"

"कसलं?" साठे घाबरला.

"कॅनडाचे रहिवासी होता त्या दिवशी तुमच्याकडे जे जे आहे, ते त्या दिवशीच्या बाजारभावानं घेतलंत असं आपलं सरकार धरतं. पुढे विकाल तेव्हा नफा तिथून मोजायचा. काय काय आहे तुमच्याकडे?"

साठेनं बायकोकडे बघितलं. "तांदळाचा कुकर आहे," ती म्हणाली. "आणि माझी सायकल."

"सायकल कोणती?"

"मामाचारी. पुढे टोपली असलेली. गंजलीय जरा."

"फोटो काढून ठेवा," करंदीकर गंभीरपणे म्हणाले. "तारखेसकट."

सल्ला कायद्यानं शंभर टक्के बरोबर होता. त्यांचं नेहमीच असं असायचं. बरोबर गोष्ट ते चुकीच्या सायकलीला लावायचे.

आणखी एक सांगायचं राहिलं. बजेट ते कागदावर छापून वाचायचे, सगळं, चारपाचशे पानं. वाचून झाल्यावर तो गठ्ठा घरी नेत. एकदा त्यांनी तो जळाऊ कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवला. जपानमध्ये कागदाचा वार वेगळा, आणि दोरीनं बांधून द्यायचा असतो. संध्याकाळी इमारतीच्या रखवालदारानं गठ्ठा परत आणून दाराशी ठेवला, वर लाल चिठ्ठी: हे नेता येत नाही. करंदीकर आठवडाभर सांगत होते, "जपानला आपलं बजेट मंजूर नाही!" वहिनींनी गुपचूप दोरी बांधून गुरुवारी ठेवलं, गेलं.

इथवरचे करंदीकर मजेचे होते. यापुढचे तितके नाहीत.

कॅनडात त्या काळात दर बजेटाआधी एक आवई उठायची: भांडवली नफ्यावरचा कर वाढणार. शेअर किंवा दुसरं घर विकून नफा झाला, तर त्याच्या अर्ध्याच भागावर कर होता. तो भाग वाढवणार, अशी कुजबुज. करंदीकरांचा या कुजबुजीवर असा विश्वास की दर वर्षी ते पैजेवर सांगत, "या खेपेला नक्की." दर वर्षी ती वाढ होत नसे. डग त्यांना थट्टेनं "प्रोफेट" म्हणायला लागला होता. त्यांनी ती थट्टा हसून घेतली, पण ती मनात घर करून राहिली असावी.

मग एक वर्ष असं आलं की सगळेच म्हणायला लागले, या वेळी होणार. तिथली वर्तमानपत्रं, तिथले वकील, आमचे वाचकसुद्धा. करंदीकर आठवडाभर आधीपासून शीळ घालत होते.

बजेटाआधी आम्ही मजकुराचे दोन साचे तयार ठेवायचो. एक, कर वाढला तर. दुसरा, नाही वाढला तर. त्या वर्षी करंदीकरांनी एकच लिहिला.

"दुसरा?" मोरिता-साननी इंग्रजीत विचारलं.

"जे व्हायचंच नाही, त्याची तयारी कशाला?"

मोरिता-सान आपल्या संगणकाकडे वळल्या. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. तरुणपणी दोन वर्षं व्हॅंकूवरच्या एका बेकरीत काम करून आलेली. हे त्यांनी मला सांगितलं होतं. आमच्या कोपऱ्यात कॅनडा पाहिलेलं तेवढं एकच माणूस होतं, आणि करंदीकरांनी त्यांना त्याबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी दुसरा साचा आपणहून लिहिला आणि करंदीकरांच्या संगणकावर त्यांच्या साच्याशेजारी ठेवला.

ओटावाला दुपारचे चार म्हणजे आमच्याकडे पहाट. कंपनीनं टॅक्सी दिली होती, आम्ही तिघं अंधारात येऊन बसलो. घाई काहीच नव्हती, हे इथे सांगायला हवं. आमचं पत्रक जायचं ते तिथली सकाळ धरून. नीट वाचून, तपासून पाठवायला सबंध दिवस हाताशी होता. पण करंदीकरांना त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पाठवायचं होतं.

भाषण सुरू झालं. मंत्री मधेच म्हणाले, ज्यांची ऐपत आहे त्यांनी थोडा अधिक वाटा उचलायला हवा.

"आलं!" करंदीकर ओरडले.

"परिशिष्ट अजून उघडलेलं नाही," मोरिता-सान म्हणाल्या.

"भाषणात आलं की!"

आणि त्यांनी बटण दाबलं. हजारो सल्लागारांना पत्रक गेलं. भांडवली नफ्यावरचा कर वाढला. आज मध्यरात्रीपासून लागू. हे "आज मध्यरात्रीपासून" तर भाषणातही नव्हतं, ते त्यांनी आठवडाभर आधी घातलं होतं, कारण त्यांच्या मते सरकारनं शहाणपणा केला असता तर असंच केलं असतं.

मोरिता-सान परिशिष्ट वाचत राहिल्या. मीही वाचत होते. त्यांनी शेवटापर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "कारा-सान, नाहीये."

"नीट बघा."

"बघितलं. नाहीये."

करंदीकरांनी स्वतः बघितलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या. चूक दुरुस्त करणारं पत्रक मोरिता-साननीच पाठवलं. त्यांचा दुसरा साचा तयारच होता.

डगचा फोन आला तेव्हा उजाडलं होतं. करंदीकरांनी स्पीकर लावला. डग थट्टा करत नव्हता. हे कसं झालं, त्यानं विचारलं.

करंदीकरांनी घसा साफ केला. "साचे मोरिता-सान सांभाळतात," ते म्हणाले. "दोन साचे एकाशेजारी एक ठेवलेले होते. घोटाळा झाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मोरिता-साननी एकवार करंदीकरांकडे बघितलं. मग उठून उभ्या राहिल्या, फोनच्या डब्यापुढे कमरेत वाकल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "आय ॲम व्हेरी सॉरी." डगला ते वाकणं दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होतं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "सर, बटण तुम्ही दाबलंत."

"तपशिलात शिरू नकोस," ते म्हणाले. "जपानी पद्धत आहे ही. त्यांना त्याचं काही वाटत नाही."

मी डगला त्याच दिवशी खरं काय ते लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, की आतल्या गोष्टी कावासाकीनं आपसात मिटवाव्यात.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या सस्कॅचेवान प्रांतातून एका सल्लागार बाईंचा फोन आला. मिसेस ओल्सन. पत्रकाच्या तळाशी टोरांटोचा पत्ता असायचा आणि नंबर फिरून आमच्याकडे लागायचा. त्यांना लेखकाशीच बोलायचं होतं. त्यांचा एक म्हातारा अशील तळ्याकाठचं घर विकणार होता. बायको गेली होती, एकट्याला तिथे राहवत नव्हतं. आमचं पत्रक वाचून बाईंनी त्याला फोन केला, त्यानं घाबरून घेणाऱ्याला नाही म्हणून कळवलं. दुरुस्ती आली तोवर घेणारा दुसरं घर बघायला गेला होता.

"मी त्याला सांगणार आहे की पत्रक लिहिणाऱ्याशी मी स्वतः बोलले," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "तुम्ही टोरांटोत आहात ना?"

"नाही... कावासाकीत," करंदीकर म्हणाले.

"ते कुठे आलं? ओंटारियोतच?"

आयुष्यात पहिल्यांदा करंदीकरांना कॅनडाच्या भूगोलाचा प्रश्न अवघड गेला असावा.

"टोरांटोच्या बऱ्याच पश्चिमेला," ते म्हणाले.

"म्हणजे आमच्या बाजूला."

"तुमच्याही थोडं पुढे."

मिसेस ओल्सन काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून थांबल्या होत्या. करंदीकरांनी त्यांना दुरुस्तीचं पत्रक कुठल्या वेळी गेलं ते सांगितलं. बाईंनी फोन ठेवला. ते घर पुढे विकलं गेलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

मोरिता-साननी रीतसर माफीपत्र लिहून दिलं. त्यांची बदली कर्मचाऱ्यांचे पगार काढण्याच्या कामावर झाली. वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडली आणि योकोहामा बंदरातल्या एका कंपनीत गेल्या. करंदीकरांची काय शिक्षा झाली म्हणाल, तर कंपनीनं असं पुन्हा होऊ नये म्हणून "अचूकता प्रमुख" अशी नवी जागा काढली आणि ती त्यांना दिली. नव्या लोकांना ते तासभर शिकवायचे: परिशिष्ट वाचल्याशिवाय पाठवायचं नाही. उदाहरण म्हणून तीच पहाट सांगायचे. त्यात ते स्वतः "कोणीतरी" असायचे.

पुढे काही वर्षांनी गंमत झाली. एका बजेटात ती वाढ खरोखर जाहीर झाली. करंदीकरांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, वहिनींना दुधाची पावडर आटवायला लावून. मग सरकारनं ती पुढे ढकलली. मग गुंडाळूनच टाकली. "सरकारनं माझं ऐकलं," करंदीकर म्हणाले, "पण त्यांना निभावता आलं नाही."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. नाशिकला परत जायचं ठरलं. ईरा टोकियोतच नोकरीला होती, तिनं आईला "वाकात्ता, वाकात्ता", म्हणजे कळलं, कळलं, म्हणून आणि वडिलांना इंग्रजीत "टेक केअर" म्हणून निरोप देऊन ठेवला होता. कावासाकी स्टेशनजवळच्या एका इझाकायात, म्हणजे बसून खाण्या-पिण्याच्या जपानी हॉटेलात, निरोपाची पार्टी झाली. जुन्या सगळ्यांना बोलवलं होतं. मोरिता-सान येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या. केस पांढरे झाले होते. कोपऱ्यात बसल्या, शेजाऱ्यांच्या पेल्यात बिअर ओतत.

करंदीकरांना फुलांचा मोठा गुच्छ मिळाला आणि त्यांनी भाषण केलं. इंग्रजीत, लांबलचक. मी वाट बघत होते, आणि ती पहाट आलीच. या वेळी तर "कोणीतरी" सुद्धा नव्हतं. "वुई हॅड अ स्मॉल मिक्स-अप. मोरिता-सान विल रिमेंबर!" ते हसत म्हणाले आणि त्यांच्याकडे हात केला. लोक हसले. मोरिता-सानही हसल्या, तोंडावर हात ठेवून.

सुनीतावहिनी उठल्या. त्यांनी जपानीत बोलायला सुरुवात केली, अगदी सावकाश, स्वच्छ. आमच्या माणसाला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, असं म्हणाल्या. त्या दिवशी बटण माझ्या नवऱ्यानं दाबलं होतं, म्हणाल्या. त्यांनी घरी आल्यावर मला सांगितलं होतं. सांगून जेवले नव्हते. ते इथे सांगायला हवं होतं. ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. मग त्या मोरिता-सानकडे वळून खूप खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

टेबलाभोवती कुणी हललं नाही. करंदीकर मात्र प्रसन्न चेहऱ्यानं टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. दोनचार टाळ्यांनंतर थांबले, माझ्याकडे झुकले आणि मराठीत म्हणाले, "काय म्हणाली ही?"

"तुमच्या वतीनं माफी मागितली. बटण तुम्ही दाबलं होतं, असं सांगितलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी पेला उचलला, रिकामा होता, परत ठेवला. मग हळूच विचारलं, "जपानी बरोबर होतं?"

"चोख होतं."

त्यांनी मान हलवली. "तिचं सगळं चोखच असतं," ते म्हणाले.

मोरिता-सान उठून आल्या होत्या. त्यांनी वहिनींचे दोन्ही खांदे धरून त्यांना उभं केलं. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

आम्ही स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेलो. वहिनी आणि मोरिता-सान पुढे, जपानीत बोलत. मधेच दोघी हसल्या. मागून करंदीकर, छातीशी गुच्छ धरून, मान पुढे काढून ऐकायचा प्रयत्न करत. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण या वेळी विचारलं नाही.

प्लॅटफॉर्मवर गाडी आली तेव्हा ते मोरिता-सानपुढे जाऊन उभे राहिले. मग गुच्छ पुढे केला.

"विमानात नेता येत नाही," ते इंग्रजीत म्हणाले.

मोरिता-साननी दोन्ही हातांनी घेतला. मग दोघं नवराबायको गाडीत चढली आणि दारं लागली. करंदीकर आत खांबाला धरून उभे होते, वहिनींना बोटानं वरचा नकाशा दाखवत, कुठे बदलायचं ते समजावून सांगत. वहिनींचं लक्ष नव्हतं. काचेतून बाहेर प्लॅटफॉर्मकडे बघत त्या हात हलवत होत्या.